आधारवरची जन्मतारीख आणि रुबेलाची लस

आधी पर्समधलं आधार कार्ड काढून जन्मतारीख बघा. जन्म 27 नोव्हेंबर 2003 च्या आधीचा असेल, अजून मूल व्हायचं असेल किंवा आणखी एक हवं असेल, आणि लहानपणी एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस घेतल्याचा कागद घरात सापडत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

तारीख इतकी नेमकी का? महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामुलीला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक डोस द्यायचा असं ठरलं होतं. शाळाशाळांत टेबलं मांडली गेली, रांगा लागल्या, दंडात सुई टोचली की अंगठ्यावर शाईची खूण. व्हॉट्सॲपवर अफवांचा पूर आला, काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही; तरी काम पुष्कळ झालं. पण तेव्हा जी सोळा, अठरा किंवा वीस वर्षांची होती, तिच्या वाट्याला ही सुई आली नाही. आज पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे इथल्या कारखान्यांत लाइनवर उभी असलेली, लग्न ठरलेली, नुकतंच लग्न झालेली किंवा पहिलं मूल गावी आजीकडे ठेवून आलेली बाई बहुधा त्याच सुटलेल्या पिढीतली आहे. ती बीड-परभणीची असो, बुलढाण्याची असो, नाहीतर बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेली. देशात या मोहिमेला फेब्रुवारी 2017 मध्ये गोवा, कर्नाटक, तमिळनाडूपासून सुरुवात झाली, पश्चिम बंगालची पाळी थेट 2023 च्या जानेवारीत आली, पण वयाची अट सगळीकडे तीच होती. तुमचं गाव दुसऱ्या राज्यात असेल तर तारीख त्या प्रमाणात मागेपुढे धरा, एवढंच.

मोहिमेचा हिशेब चुकीचा नव्हता. रुबेलाचा विषाणू मुख्यतः लहान मुलांत फिरतो, म्हणून आधी मुलांना गाठायचं. अडचण वेगळीच आहे. बाळाच्या लसीसाठी आशाताई दारात येतात, गरोदर बाईची नोंद झाली की तिच्या तपासण्या सुरू होतात. पण रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही, आणि गरोदर होण्याआधी ती देण्याची जबाबदारी कोणत्याच सरकारी रजिस्टरात लिहिलेली नाही. मधल्या या काळात आपलं आपणच विचारावं लागतं.

आजार किरकोळ, म्हणून फसवा

रुबेला झालेल्या माणसाला बघून कुणी घाबरणार नाही. अंगात कसकस, बारीक ताप, चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली उतरणारं गुलाबीसर पुरळ, आणि तीन दिवसांत सगळं साफ. कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला बोटांना लागतील अशा दुखऱ्या गाठी येतात, ही त्यातल्या त्यात ओळखीची खूण. मोठ्या बायकांना बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे काही दिवस धरतात. चाकणच्या कुठल्याही दवाखान्यात असा रुग्ण गेला तर ‘ॲलर्जी आहे’ किंवा ‘उष्णतेचं आहे’ असं ऐकून परत येतो, आणि पावसाळ्यात असेल तर डेंग्यूची तपासणी करून. घरी थोरली माणसं गोवर म्हणून कडुनिंबाचा पाला टाकून मोकळी होतात. गोवर आणि रुबेला हे दोन वेगळे विषाणू आहेत; गोवर आपल्याला होऊन गेलाय म्हणजे रुबेलाची काळजी नाही, असा अर्थ होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे लागण झालेल्यांपैकी पाव ते अर्ध्या लोकांना काहीच दिसत नाही. पुरळ नाही, ताप नाही, माणूस शिफ्टला जातो, बसमध्ये शेजारी बसतो, कँटीनमध्ये बोलतो. आणि ज्यांना पुरळ येतं तेही पुरळ यायच्या साधारण आठवडाभर आधीपासून नंतर आठवडाभरापर्यंत दुसऱ्यांना आजार देऊ शकतात. खोकल्या-शिंकल्याच्या तुषारांतून तो पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. त्यामुळे ‘पुरळ आलेल्या माणसापासून लांब राहीन’ ही खबरदारी ऐकायला बरी, पण भरवशाची नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार मुली राहत असतील, सकाळी कंपनीच्या बसमध्ये जागा धरून जात असतील, तर लांब राहायचं म्हणजे कुठे?

मग एवढ्या किरकोळ आजारासाठी ही धावपळ कशाला? कारण गर्भ. बाईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत जातो, आणि नेमके त्याच आठवड्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय आणि मेंदू घडत असतात. पहिल्या बारा आठवड्यांत आईला लागण झाली तर दहापैकी आठ-नऊ बाळांना इजा होऊ शकते. गर्भ टिकला नाही तर गर्भपात, टिकला तर जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातली जन्मजात खोट, लहान राहिलेलं डोकं. सोळाव्या आठवड्यानंतर धोका झपाट्याने उतरतो, तेव्हा मुख्य भीती ऐकू न येण्याची. विसाव्या आठवड्यानंतर तो फारच कमी राहतो. यातली मेख अशी की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत अनेक बायकांना दिवस गेल्याचं पक्कं कळलेलंही नसतं. नाइट शिफ्टने पाळी पुढे गेली असेल असं म्हणून त्या महिना काढतात.

सिडनीतले नॉर्मन ग्रेग नावाचे नेत्रतज्ज्ञ नसते तर हा संबंध कळायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. 1941 मध्ये त्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एवढ्या संख्येनं येऊ लागली की योगायोग म्हणवेना. आयांना खोदून विचारल्यावर कळलं की बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ होऊन गेली होती. ग्रेग यांनी अशा 78 बाळांची नोंद प्रसिद्ध केली. युद्धाचे दिवस होते, छावण्यांत दूरदूरहून आलेली तरुण मुलं दाटीवाटीनं राहत होती; अशा दाटीत आजार पसरायला वेळ लागत नाही. अमेरिकेत 1964-65 च्या साथीत सव्वा कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे वीस हजार बाळं हे व्यंग घेऊन जन्मली. त्यानंतर लस आली. अमेरिका खंडातले सगळे देश मिळून 2015 मध्ये रुबेलामुक्त जाहीर झाले, तेही फक्त लसीच्या जोरावर. या आजारावर औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आपल्या पट्ट्यानं दोन देशांकडे बघावं

‘आता लहान मुलांना लस मिळतेच आहे, मग विषाणूच कमी होईल, मला काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर होय असंच आहे. शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य बायकांना लहानपणीच नकळत रुबेला होऊन गेलेला असतो. देशातल्या सहा रुग्णालयांत गरोदर महिलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा साधारण सहातल्या पाच जणींत रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती आढळली. उरलेली सहावी मात्र उघडी होती. लाइनवर तीस जणी असतील तर त्यातल्या पाच, असा हिशेब करा. कोणत्या पाच, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

ग्रीसमध्ये काय झालं ते या सहावीसाठी महत्त्वाचं आहे. तिथे सत्तरच्या दशकात लस आली, पण ती अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच मिळत राहिली. विषाणूचा फेरा मंदावला, त्यामुळे लस न मिळालेल्या मुलींना लहानपणी आजारही झाला नाही. त्या तशाच मोठ्या झाल्या, लग्नाच्या वयात आल्या, आणि 1993 मध्ये साथ आली तेव्हा तिनं नेमकं त्यांना गाठलं. त्या वर्षी ग्रीसमध्ये जन्मजात रुबेलाची बाळं आधी कधी नव्हती एवढी जन्मली. मुलांचं लसीकरण अर्धवट राहिलं तर मोठ्या बायकांचा धोका उलट वाढतो, हे तिथे आकड्यांनिशी दिसलं.

दुसरा देश जपान, आणि तो तर आपल्या पट्ट्याच्या ओळखीचा; चाकणच्या फेज दोन-तीनमध्ये जपानी पाट्या मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत. जपाननं 1977 पासून लस फक्त शाळकरी मुलींना द्यायला सुरुवात केली. मूल बाईच्या पोटी येतं, तेव्हा बाईला वाचवलं की झालं, असा सरळ विचार. पुरुष राहिले. 2012-13 मध्ये साथ उसळली तेव्हा एकट्या 2013 मध्ये चौदा हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यात बहुतांश वीस ते पन्नाशीच्या आतले पुरुष, म्हणजे ऑफिसात आणि कारखान्यांत काम करणारे. आजार कामाच्या जागी पसरला आणि घरी बायकोपर्यंत गेला. त्या साथीतून 45 बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. पुढे 2019 मध्ये सरकारनं 1962 ते 1979 दरम्यान जन्मलेल्या पुरुषांना मोफत तपासणीची आणि लसीची कुपनं पाठवली, आणि ती कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये वापरायची सोय केली. आपल्याकडे जपानी पद्धतीचं फाइव्ह-एस प्रत्येक शॉप फ्लोअरवर भिंतीला लावलेलं असतं; हा धडा मात्र अजून कुणी लावलेला माझ्या पाहण्यात नाही.

पुरुषांनीही इथे कान द्यावा. बायको पोटुशी राहायचं ठरवत असेल आणि तुमचा जन्म 2003 च्या आधीचा असेल तर तुम्हीही लस घ्यायला हरकत काहीच नाही. ती घेतल्यावर घरातल्या गरोदर बाईला तुमच्यापासून धोका होत नाही. लसीतला विषाणू असा दुसऱ्याला लागत नाही.

लस: कोणती, कधी, कुठे

लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. सरकारी कार्यक्रमात मुलांना देतात ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. खासगीत मोठ्यांना साधारणपणे मिळते ती एमएमआर, त्यात गालगुंडाची भर. रुबेलासाठी दोन्ही सारख्याच उपयोगी. एका डोसनं शंभरातल्या पंच्याण्णवांना संरक्षण मिळतं आणि ते बहुधा जन्मभर टिकतं. गोवर आणि गालगुंडासाठी डॉक्टर किमान चार आठवड्यांनी दुसरा डोस घ्या म्हणतील; जमलं तर घ्या. ही लस काही परदेशातून यावी लागत नाही. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती बनते आणि तिथून जगभर जाते. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून ही नगरी औषधनिर्मितीशी जोडलेली आहे. अशा ठिकाणच्या मुलींनी पुण्यातच बनणाऱ्या लसीवाचून राहावं, हे मला तरी पटत नाही.

कधी घ्यायची, हाच खरा प्रश्न. गरोदर असताना ही लस घेत नाहीत. आणि घेतल्यानंतर किमान 28 दिवस, सोपं म्हणून पूर्ण एक महिना, दिवस राहू द्यायचे नाहीत. म्हणून सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे साखरपुडा आणि लग्न यांच्या मधला. याद्या होतात, हॉल बुक होतो, बस्ता बांधला जातो. त्याच यादीत एक ओळ ही. लग्न झालेलं असेल आणि मूल लगेच नको असेल, तर पाळी आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत डॉक्टरांकडे जा, म्हणजे पोटात बाळ नाही याची खात्री आपोआप होते. गर्भनिरोधक चालू असेल तर तो महिना नियमानं चालू ठेवा. त्याच भेटीत फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचं, हिमोग्लोबिनचं विचारून घ्या. एका सुट्टीत तीन कामं होतात.

दुसरी उत्तम वेळ म्हणजे बाळंतपणानंतर लगेच, आणि तीच आपल्याकडे सर्रास वाया जाते. दवाखान्यात बाळाला बीसीजी टोचतात, पोलिओचे थेंब पाजतात, आणि आईला डिस्चार्ज कार्ड देऊन घरी पाठवतात. त्या दिवशी तिला रुबेलाची लस देता येते. अंगावर पाजत असली तरी चालते, बाळाला त्याचा त्रास नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तपासण्या पिंपरीत आणि प्रसूती जालन्यात होते, फाइल इथे राहते आणि डॉक्टर तिथे, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माहेरी निघण्याआधी फाइलच्या पहिल्या पानावर पेनानं मोठ्या अक्षरात लिहा: ‘प्रसूतीनंतर रुबेलाची लस द्यायची आहे.’ रक्तगट निगेटिव्ह असल्यामुळे अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं असेल किंवा रक्त चढवलं असेल, तरी लस घेता येते. पण तीन महिन्यांनी ती लागू पडली का, हे रक्त तपासून बघावं लागतं, तेवढं डॉक्टरांना आठवण करून द्या. तिथे जमलं नाही तर बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला जाल तेव्हा विचारा. तेव्हाही हुकलं तर नऊ महिन्यांच्या डोसला. मात्र तोवर पुन्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी.

कुठे घ्यायची, याचं उत्तर सरळ द्यावं लागेल. सरकारी कार्यक्रमात ही लस मुलांसाठी मोफत आहे, मोठ्या बायकांसाठी नाही. महापालिकेच्या वायसीएम, तालेरा, जिजामाता किंवा नवीन भोसरी रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जाऊन सल्ला घ्या, कागदावर लिहून घ्या. लस मात्र बहुधा विकत घ्यावी लागेल. चाकण आणि आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत नाहीत, ती खेड तालुक्यात येतात. तिथे चाकणचं ग्रामीण रुग्णालय किंवा गावातले स्त्रीरोगतज्ज्ञ. ईएसआय कार्ड असेल तर मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात विचारायला काहीच जात नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एमएमआर रोजच्या वापरातली असते, त्यामुळे फ्रिजमध्ये ती हमखास सापडते. मोठ्या माणसाला तिथे जायला संकोच वाटतो, पण जायला हरकत नाही.

लस बघितलीत तर एवढंच दिसेल: काचेच्या छोट्या कुपीच्या तळाशी कोरडी फिक्कट वडी, आणि सोबत ती विरघळवायचं पाणी. ही वडी उन्हाला आणि उष्णतेला फार नाजूक असते, दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. म्हणून मेडिकलमधून लस घेऊन, पर्समध्ये टाकून, बसनं दवाखान्यात जाण्याचा उद्योग करू नका. डॉक्टरांच्याच फ्रिजमधली घ्या. नाइलाजानं न्यावी लागली तर बर्फाच्या पिशवीसह, झाकलेल्या डब्यात. पाण्यात कालवली की ती लगेच टोचून झाली पाहिजे. दंडावर कातडीखाली दिली जाते, सुई बारीक असते.

आधी रक्त तपासून मगच लस घ्यावी का? घेऊ शकता, पण गरज नाही. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या बाईनं लस घेतली तर नुकसान काही होत नाही. तपासणीसाठी एक खाडा, रिपोर्ट आणायला दुसरा, लसीला तिसरा, असं झालं की बाई तिसऱ्यांदा जातच नाही. मी तरी थेट लस घ्या म्हणेन. ज्यांनी घेऊ नये किंवा आधी तज्ज्ञांना विचारावं त्या म्हणजे गरोदर बायका, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या, स्टिरॉइड मोठ्या मात्रेत घेणाऱ्या, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप खाली आलेल्या, आणि या लसीची किंवा तिच्यातल्या निओमायसिन-जिलेटिनची तीव्र ॲलर्जी असलेल्या. थायरॉइड, अशक्तपणा, साधी सर्दी ही कारणं नाहीत. लसीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडा ताप, हलकं पुरळ, सांधे दुखणं असं होऊ शकतं. ते आपोआप जातं. पॅकिंगच्या लाइनवर बोटांचं काम असेल तर चार दिवस त्रासाचे जातील, हे आधीच माहीत असलेलं बरं.

‘मी गरोदरपणात दोन इंजेक्शनं घेतली होती, त्यातच आलं असेल’ असं अनेक जणी म्हणतात. ती धनुर्वाताची. त्यात रुबेला नव्हता.

आणि लस घेतली, मग कळलं की तेव्हाच दिवस गेले होते, तर? घाबरून बाळ पाडायला जाऊ नका. अशा शेकडो बायकांच्या नोंदी अनेक देशांत ठेवल्या गेल्या आहेत आणि लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचं एकही उदाहरण त्यांत सापडलेलं नाही. गरोदरपणात लस टाळायची ती केवळ जास्तीची काळजी म्हणून. एवढ्या कारणासाठी गर्भपात करावा असं कोणतीही वैद्यकीय संघटना सांगत नाही.

आधीच दिवस गेले असतील तर

आता लस नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांना विचारून रुबेला आयजीजीची तपासणी करून घेता येते. ती पॉझिटिव्ह आली तर आनंद माना. त्याचा अर्थ आजार आहे असा नसून तुम्ही सुरक्षित आहात असा आहे. निगेटिव्ह आली तर बाळंतपणानंतर लस, आणि तोवर ताप-पुरळ असलेल्या माणसाशी, विशेषतः लहान मुलांशी, जवळीक टाळायची. हा आजार आपल्याकडे थंडी ओसरताना, होळीच्या आगेमागे जास्त डोकं वर काढतो. तेव्हा जरा अधिक जपा.

खोलीतल्या मैत्रिणीला किंवा शेजारच्या पोराला असं पुरळ आलं आणि तुम्हाला पहिले चार-पाच महिने चालू असतील, तर त्याच आठवड्यात रक्त तपासा. आयजीजी आधीपासून असेल तर विषय मिटला. नसेल तर तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास सहा आठवड्यांनी परत. पुरळ आलेल्या व्यक्तीचीही तपासणी करून घेता आली तर फार उत्तम. ते पुरळ रुबेलाचं नव्हतं असं निघालं तर सगळाच घोर संपतो.

इथे एका गोष्टीविषयी जरा रागानं लिहावं लागतं आहे. ‘टॉर्च’ नावाची तपासणी आपल्याकडे उठसूट लिहून दिली जाते. एकदा गर्भ पडला, लिही टॉर्च. दिवस गेले, लिही टॉर्च. त्यात रुबेलाचा आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची मानली जाणारी खूण, जरा वर आला की घरात रडारड सुरू होते, आणि काही वेळा धडधाकट बाळ पाडलं जातं. लक्षणं नाहीत, संपर्क नाही, अशा बाईत आयजीएम खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्याच एखाद्या आजारानं तो वर येतो, कधी जुन्या लागणीनंतर किंवा लसीनंतर महिनोन्महिने रेंगाळतो. असा रिपोर्ट हातात आला तर त्याच दिवशी कोणताही निर्णय घेऊ नका. आयजीजी ॲव्हिडिटीची तपासणी होते, ती लागण ताजी की जुनी हे सांगते. ॲव्हिडिटी जास्त असेल तर लागण जुनी. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं आयजीजीचे दोन नमुने एकाच लॅबमध्ये बघितले जातात. खरीच ताजी लागण असेल तर गर्भतज्ज्ञांकडे जावं. ते किती आठवडे झाले त्यावरून धोका सांगतात, सोनोग्राफी करतात, वेळ आल्यास गर्भजलाची तपासणी सुचवतात. पुढचा निर्णय बाईचा. कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण म्हणून मात्र टॉर्च करण्यात अर्थ नाही. रुबेला एकदा झाला की पुन्हापुन्हा गर्भ पाडत बसत नाही.

गरोदरपणात पुरळ येऊन गेलं असेल तर बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. बुबुळात पांढरट ठिपका, दूध पिताना घाम आणि धाप, वजन न वाढणं, आवाजाला न दचकणं ही बघायची लक्षणं. मोतीबिंदू असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर नजर घडतच नाही. कानाची तपासणी जन्मतः चांगली आली तरी वर्षभरात परत करावी, कारण रुबेलाचा बहिरेपणा उशिराही प्रकट होतो. अशा बाळाच्या लाळेत आणि लघवीत विषाणू वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ राहू शकतो, म्हणून लस न घेतलेल्या गरोदर जावेनं किंवा नणंदेनं त्याला तेवढे दिवस हाताळू नये. हे घरात नीट समजावून सांगायला हवं. पहिलं वर्ष सरलं की बाळाला लांब ठेवण्याचं कारण सहसा उरत नाही, आणि त्या आईला दोष देण्याचं तर कधीच नव्हतं.

लेकरांचा दुसरा डोस आणि कंपनीतलं मेडिकल

सरकारी वेळापत्रकात एमआरचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. या पट्ट्यात हुकतो तो दुसरा. मूल तोवर गावी गेलेलं असतं, किंवा गावाहून इथे आलेलं असतं, आणि कार्ड दुसऱ्या टोकाला. कार्ड नसलं, आधारवर गावाचा पत्ता असला, भाड्याची खोली आठ दिवसांपूर्वी घेतलेली असली, तरी कोणत्याही सरकारी केंद्रात मुलाला लस मोफत मिळते; पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देतात. आता यू-विनवर नोंद होते, ती मोबाइल नंबरवर सापडते, म्हणून नंबर बदलताना सांभाळा. 2022 च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवराची साथ आली ती अशाच राहिलेल्या डोसांमधून. आणि जिथून गोवर शिरतो तिथून रुबेलाही शिरतो. तुमच्या मुलाचा डोस झालेला असेल तर शेजारच्या खोलीतली गरोदर बाईही थोडी सुरक्षित होते.

कारखान्यांचं म्हणाल तर पाचशेच्या वर कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुतेक मोठ्या प्लांटमध्ये तिला ओएचसी म्हणतात आणि तिथे डॉक्टर येतात. दरवर्षी मेडिकल होतं: डोळे, कान, एक्स-रे, रक्त. त्यात मूल व्हायच्या वयातल्या बायकांना रुबेलाच्या लसीचं विचारणं आणि हवी तिला ती देणं हे एका दिवसाचं काम आहे, आणि खर्च कंपनीच्या हिशेबात नगण्य. एचआरकडे एकटीनं जाण्यापेक्षा पाच-सहा जणींनी सही करून अर्ज दिला तर तो टेबलावर राहतो. ठेकेदाराकडच्या आणि ट्रेनी मुलींची नावं त्या यादीत बहुधा नसतात, म्हणून अर्जात ‘कायम आणि कंत्राटी, दोन्ही’ हे शब्द घालायला विसरू नका. लस देताना गोपनीयता पाळावी, कोण गरोदर आहे हे सुपरवायझरला कळायचं कारण नाही, हेही त्यात लिहा.

आणि लस घेतली की कागद सांभाळा. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, डॉक्टरांची सही. खोल्या बदलतात, कंपन्या बदलतात, फाइल गावी राहते. त्या कागदाचा फोटो काढून स्वतःच्याच नंबरवर पाठवा आणि एक आईला किंवा नवऱ्याला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की फोन उघडून दाखवता येईल.